उपवासकाळात चेहरा का पाडायचा?

बावखल

आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ निम्म्यावर आलाय. यंदा (२०२५) राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता, ईस्टर २० एप्रिलला आहे. या मंचावर श्रावणावर, रोज्यांवर, पर्युषणावर चांगले धागे निघतात. आमच्या उपवासकाळावर काही वाचलेलं आठवत नाही, म्हणून मीच काढतेय. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याच्या आठवणीत हे चाळीस दिवस. कॅलेंडरवर मोजाल तर ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. कॅथलिक नियमाने सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. शुक्रवारी मांसाहार नाही, मासे चालतात. बाकी काय सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. वसईतल्या आमच्या गावात जुनी माणसं मात्र सगळे दिवस मटण-कोंबडीला हात लावत नसत, आणि काही घरांत ते अजून चालू आहे. या दिवसांत लग्नं नाहीत, बँड नाही, वेदीवर फुलं नाहीत. आमचा पट्टा चाफ्याचा नि मोगऱ्याचा. टोपल्याच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरला जातात आणि गावातली वेदी मात्र रिकामी असते. ते दृश्य मला फार आवडतं.

पण धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे हा काळ सुतकासारखा पाळला जातो. पोरं मोठ्याने हसली की कोणीतरी दटावतंच, "उपवासकाळ आहे, कळत नाही का?" आणि गंमत बघा, राखेच्या बुधवारी, अगदी पहिल्याच दिवशी, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, जे शुभवर्तमान वाचतात ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. उपास करता तेव्हा ढोंग्यांसारखं तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. हे येशूचं सांगणं आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यात उपवासकाळावर एक छोटं प्रकरण आहे. खाणं, पिणं, झोप, बडबड यातलं थोडं थोडं कमी करा असं सांगून तो म्हणतो की ईस्टरची वाट आनंदाने बघा. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिलं होतं की काही ख्रिस्ती माणसांकडे पाहिलं की वाटतं, यांच्या आयुष्यात उपवासकाळ आहे पण ईस्टर नाही. मला ते तंतोतंत पटतं.

यंदा मी गोड सोडलंय, ते दरवर्षीचंच. नवीन एवढंच केलंय की रात्री झोपण्याआधी एका माणसाचे आभार मानते, नाव घेऊन. "देवा, सगळ्यासाठी धन्यवाद" असं मोघम बोलायचं नाही. आज माझ्यासाठी नेमकं कोणी काय केलं ते शोधायचं. सुरुवात राखेपासूनच झाली. कपाळावर लावतात ती राख कशाची असते माहितीय? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी आणून क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या पिवळ्या पडतात, मग तांबूस होतात, हात लावला की कडकड मोडतात. बुधवारच्या आधी त्या चर्चमध्ये परत गोळा करतात. आमच्याकडे चर्चच्या मागच्या अंगाला घमेल्यात जाळतात. भरभर पेटतात आणि इतक्या झावळ्यांची मूठ-दोन मूठच राख उरते. एक काका ती फडक्यातून चाळतात, कारण खडा राहिला तर फादरांच्या अंगठ्याने कपाळावर ओरखडा उठतो. इतकी वर्षं कपाळावर राख घेतेय, पण ती चाळतं कोण, हा विचार डोक्यात आला नव्हता. पहिलं नाव त्यांचं.

तुम्हाला या दिवसांत आनंद कशात मिळतो? आभार मानायची काही सवय लावून घेतलीय का कोणी?

लोकल_८_१२

धागा मस्त. मी पण वसईचाच, गास साइडचा. मी यंदा रील्स सोडल्यात. जेवणातलं काही सोडायची घरून सक्ती असतेच, ही माझी स्वतःची.

पहिला आठवडा हात सारखा खिशाकडे जायचा. मग डब्यात आजूबाजूला बघायला लागलो. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ नि छोटी ढोलकी घेऊन विरारपासून चढतात आणि अंधेरीपर्यंत गातात. आजवर कानात इअरफोन घालून बसायचो. आता ऐकतो. त्यातले एक काका रोज सगळ्यांना साखरफुटाणे वाटतात, मला दोन जास्त देतात कारण मी नवीन पोरगा. परवा शुक्रवारी त्यांनी गरम वडा पुढे केला. म्हटलं काका, पोट भरलंय. उपवासाचं सांगितलं असतं तर त्यांनी उद्यापासून केळी आणली असती, तशी माणसं आहेत.

माझा प्रश्न असा. सोडलं की वेळ रिकामा होतो. त्या वेळात काय करायचं हे कोणी शिकवत नाही. सोडायच्या याद्या मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगाने येतात.

चाफेकळी

मी ख्रिस्ती नाही, पुण्यात असते, पण वाचून राहवलं नाही. राखेची माहिती अगदी नवीन, आणि तो डबा तर डोळ्यांसमोर उभा राहिला.

आमच्याकडे सासूबाई चातुर्मासाचा नेम धरायच्या. एक वर्ष वांगं नाही, एक वर्ष ताटाभोवती रांगोळी काढल्याशिवाय जेवायचं नाही. शेवटी उद्यापन, आणि ज्या वस्तूचा नेम तीच वस्तू कोणाला तरी द्यायची. आम्ही "एकादशी दुप्पट खाशी" म्हणत साबुदाण्यावर ताव मारायचो, त्या मात्र नेमाचे दिवस मजेत घालवायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा वेगळंच तेज असायचं.

एक शंका, राग मानू नका. तुमचा उपवासकाळ मुळात पापाच्या पश्चात्तापासाठी असतो ना? मग त्यात आनंद नि कृतज्ञता बसते कशी? चुकलो म्हणून रडायचं आणि मिळालं म्हणून हसायचं, दोन्ही एकदम?

बावखल

राग कसला, नेमका प्रश्न विचारलात. आमच्याकडे याला प्रायश्चित्तकाळही म्हणतात, त्यामुळे शंका रास्त आहे.

राखेच्या बुधवारी जे स्तोत्र म्हणतात ते बायबलातलं ५१ वं. पश्चात्तापाचं सगळ्यात प्रसिद्ध स्तोत्र. दावीद राजाने अपराध केला, त्यानंतर त्याने ते रचलं अशी परंपरा. मला धू, मला शुद्ध कर, अशी त्यात काकुळती आहे. आणि मधोमध तो काय मागतो? तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे. शिक्षा माफ कर एवढ्यावर तो थांबत नाही, हरवलेला हर्ष परत हवाय त्याला. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. आनंद मुळात होता, तो कुठेतरी सांडला, आणि हे चाळीस दिवस तो शोधायचे आहेत.

सासूबाईंच्या उद्यापनातली देण्याची पद्धत आमच्याकडेही आहे. प्रार्थना, उपवास आणि दान असे तीन पाय धरतात. उपवासातून वाचलेले पैसे बाजूला ठेवायचे, मुलांना त्यासाठी चर्चमधून कागदी पेट्या मिळतात. यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात तर देव सरळ विचारतो, डोकं खाली घालून गोणपाटावर बसणं याला तुम्ही उपास म्हणता? मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे.

लोकल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस असं मला वाटतं. टाळ ऐकतोयस की.

नगरी_पाऊलवाट

मी नगरचा, निवृत्त शिक्षक. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. ते लोक काँग्रिगेशनल पंथाचे, त्यांना राख, लेंट (म्हणजे हाच उपवासकाळ) या गोष्टींचं वावडं. माझ्या आजोबांच्या घरात लेंट हा शब्दही नव्हता. १९७० मध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, अँग्लिकन मंडळ्याही त्यात आल्या, आणि हळूहळू लेंटच्या दिवसांत घरोघर प्रार्थनासभा सुरू झाल्या. ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा मात्र आमच्याकडे पहिल्यापासून कडक. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. उन्हाच्या तडाख्यात वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत.

आता थोडं स्पष्ट बोलतो. बावखलताई, तुमचं लिखाण मनापासून आहे, पण हल्ली कृतज्ञतेचं जे पीक आलंय त्याची मला धास्ती वाटते. वही घ्या, रोज तीन गोष्टी लिहा, बरं वाटेल. अहो, बरं वाटणं हा हेतू नव्हेच. पश्चात्ताप बोचला पाहिजे. शेजाऱ्याची बांधालगतची हातभर जमीन दाबून ठेवायची आणि रात्री वहीत सूर्यास्ताचे आभार मानायचे, याला काय अर्थ? आधी बांध सरळ करावा. त्यातून जो आनंद होईल तो खरा.

बावखल

सर, बांधाचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी माणसाचं नाव घेते. नाव घेतलं की बांध आठवतोच. एका रात्री जिचं नाव आलं त्या बाईशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. पाऊस आला तेव्हा माझ्या वाळत घातलेल्या मिरच्या तिनेच उचलून पडवीत ठेवल्या. आभार मानायचे तर तिच्या दारात जाणं भाग होतं. गेले.

तिन्हीसांज

लिहू की नको असं चाललं होतं. आई फेब्रुवारीत गेली. राखेच्या बुधवारी "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" हे शब्द ऐकले आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. तिला माती देऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

आनंद, कृतज्ञता हे सगळं वाचतोय. तुम्ही चांगलंच लिहिताय. पण मला रात्री कोणाचंही नाव सुचत नाही, फक्त राग येतो. मंडळीतले लोक येतात नि म्हणतात, देवाचे आभार मान, ती त्रासातून सुटली. मला ते ऐकवत नाही. उपवासकाळ मला यंदा सोपा जातोय, कारण जेवण असंही जात नाही.

रात्रपाळी

तिन्हीसांज, तुमच्या आईला शांती लाभो. मी नर्स आहे, कुवेतमध्ये. माणसं गेल्यावर घरच्यांना "सुटली" म्हणणारे मी रोज बघते. ते वाक्य बोलणाऱ्याच्या सोयीचं असतं. तुम्ही रागावलात तर त्यात वावगं काही नाही.

मी काही उपदेश करत नाही, इथलं सांगते. यंदा रमजान १ मार्चला सुरू झाला आणि पाठोपाठ आमचा राखेचा बुधवार. दिवसा बाहेर खायचं-प्यायचं नाही हा इथला कायदा, तो सगळ्यांना लागू. इथे रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते, कारण सुट्टी शुक्रवारची. अख्खं शहर उपाशी असताना उपास करायचा अनुभव मला आपल्याकडे कधी मिळाला नव्हता. आमच्या वॉर्डात एक इजिप्तची सिस्टर आहे. सूर्य मावळला की ती खजुराचा डबा उघडते आणि पहिला खजूर तिच्या तोंडात जायच्या आधी डबा माझ्यापुढे येतो. दोघी उभ्यानेच खातो, कारण कुठल्या तरी बेडची घंटा वाजतच असते. माझा दिवसभरातला आनंद म्हणाल तर तेवढा खजूर.

माझी आई गेल्यावर पहिल्या वर्षी मी उपवासकाळात काहीच केलं नव्हतं. चर्चला जाऊन मागच्या बाकावर बसायचे नि यायचे. तेवढं पुरलं.

नगरी_पाऊलवाट

तिन्हीसांज, काल रात्री तुमचं वाचलं, उत्तर लिहायला आज सकाळ उजाडावी लागली.

मी वर बोचण्याबद्दल लिहिलं ते धडधाकट माणसांसाठी. तुमच्यासाठी नव्हे. तुमच्यावर आत्ता कुठलंच ओझं नाही, आभाराचंही नाही. ज्या बायबलात आभाराची स्तोत्रं आहेत त्यातच "हे परमेश्वरा, किती काळ?" म्हणणारी आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ते कोणी काढून टाकलं नाही. येशूने क्रुसावर जे म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ते २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. आमच्याकडे सात उद्गारांतला हा चौथा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर दोनदा त्यावर बोललो, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की इथे बोलण्यापेक्षा गप्प राहणं बरं.

कृतज्ञतेबद्दल एकच गोष्ट सांगतो, आज पटली नाही तर राहू द्या. प्रभुभोजनाच्या विधीत आम्ही पौलाचे शब्द वाचतो. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. मी हे शेकडो वेळा ऐकलंय. रात्र कोणती ते बघा. पैसे घेतलेला माणूस त्याच पंगतीला बसलेला. सगळ्यात जवळचा शिष्य कोंबडा आरवायच्या आत "मी ओळखत नाही" म्हणणार, हेही ठाऊक. पुढच्या काही तासांत बागेत येशू स्वतः "माझा जीव मरणाइतका कष्टी झालाय" असं म्हणणार आहे. त्या रात्री त्याने आभार मानले ते भाकरीचे. जे होणार होतं त्याचे आभार त्याने मानले असं कुठेही लिहिलेलं नाही. बागेत तर "हा प्याला माझ्यापासून टळून जावो" असंच मागितलं. म्हणून आईच्या जाण्याचे आभार मान असं तुम्हाला जो सांगतो, त्याने हा उतारा नीट वाचलेला नाही. आईचे आभार मानायचे की नाही, कधी मानायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बावखल

सर, वर तुम्ही कृतज्ञतेला विरोध केला होतात असं मला वाटलं होतं. हे वाचल्यावर कळलं की तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त जपता.

तिन्हीसांज, माझ्याकडे या सरांसारखे शब्द नाहीत. आईंचं नाव मी आज रात्री घेईन. नाव माहीत नाही, पण "तिन्हीसांजची आई" एवढं देवाला पुरेल.

मांडवीपार

गोव्याहून. विषय थोडा हलका करतो, पण विषयाला धरूनच.

आमच्याकडे आधी इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल. ढोल, रंग, खेळ. आणि मंगळवारी रात्री सगळं थांबतं. मग सुरू होतात मोतेत. ऐकलेत का कोणी? लॅटिन नि कोंकणी गीतं, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची, वेगवेगळ्या आवाजांत मिळून गायची, जोडीला व्हायोलिन, क्लॅरिनेट. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत जुन्या काळी मुलांना सूर शिकवत, त्या परंपरेतून गोव्याच्याच संगीतकारांनी ही रचलेली. माझे वडील चाळीस दिवसांत मद्याला शिवत नसत, पण तालमीच्या दिवशी घरात सगळ्यात खूश तेच. क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूच्या मूर्तीची मिरवणूक निघते, वाटेत थांबून मोतेत गातात. रडवणारं संगीत, आणि गाऊन झाल्यावर माणसं इतकी हलकी होऊन घरी जातात की काय सांगू. दुःखी चाल चारजणांनी मिळून नीट बसवली की जो आनंद होतो त्याला मी तरी आनंदच म्हणतो.

गोवा वेल्हा गावात उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक असते. यंदा ७ एप्रिलला. कोणाला यायचं असेल तर जरूर या. सगळ्या धर्मांची माणसं लोटतात, जत्रेसारखी दुकानं लागतात, आणि पंखे विकणारे असतात, ते घ्याच, उकाडा फार.

लोकल_८_१२

मोतेत ऐकले यूट्यूबवर. रील्स सोडल्यात, यूट्यूब नाही :) जबरदस्त आहेत. भजनी मंडळातल्या काकांना पण ऐकवले. ते म्हणाले तिसऱ्या आवाजाला दम आहे.

चाफेकळी

सगळा धागा परत पहिल्यापासून वाचला. तिन्हीसांज, सरांचं उत्तर मी उतरवून ठेवलंय. माझा भाऊ गेला तेव्हा मला असं कोणी काही सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी ३० तारखेला पाडवा आहे. तुमच्याकडे रविवारी उपास नसतो ना? शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलंय, मूळचं वसईचंच. श्रीखंड-पुरी पाठवली तर चालेल की त्यांना अडचण होईल?

बावखल

बिनधास्त पाठवा! आणि योग बघा, ३० मार्च हा आमचा उपवासकाळाचा चौथा रविवार, ज्याला आनंदाचा रविवार म्हणतात. त्या दिवशीची मिस्सा "यरुशलेमेबरोबर हर्ष करा" या यशयाच्या शब्दांनी सुरू होते. फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात, वेदीवर फुलं ठेवायला त्या एका रविवारी परवानगी असते. आमच्याकडे त्या दिवशी चाफा दादरला जरा कमी जातो. त्यांनी गोड सोडलं असलं तरी रविवारी चालतं. फक्त शुक्रवारी पाठवलंत तर मांसाहारी नको, एवढंच.

तिन्हीसांज

सगळ्यांचं वाचलं. रात्री अजून काही सुचत नाही. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला, गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो. चौथ्या स्थानापाशी येशूला त्याची आई भेटते, तिथे उठून बाहेर आलो. बाहेर राख चाळणारे एक काका होते, आमच्या चर्चचे. त्यांनी पाणी दिलं. काही विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी जाईन म्हणतो.

रात्रपाळी

जा. चौथ्याला परत बाहेर यावंसं वाटलं तर या.

बावखल

तिन्हीसांज, कुठलं गाव तुमचं? इथे नको, खाजगी निरोप पाठवा. शुक्रवारी मी येते. आमच्याकडे क्रूसाची वाट संध्याकाळी सहाला असते, पण चौदा स्थानं कुठेही तीच. नंतर घरी पेजेला चला, बरोबर सुक्या बोंबलाची चटणी आहे. लोकल, तूही ये. गासहून लांब नाही.

लोकल_८_१२

८:१२ च्या ऐवजी लवकरची परतीची पकडतो. आलोच.